हिशेबाचं विरजण : साठवण-पेटी आणि क्लाऊड बॅकअप



हिशेब कसा लिहायचा हे आता आपल्यातल्या बहुतेकींना येतं. रोकड वही, खातेवही, बचत-कर्ज नोंदवही, इतिवृत्त, सभासद पासबुक ही नावं आता पाठ झाली आहेत. या वेळचा पाठ त्याच्या पुढचा आहे. लिहिलेला हिशेब जपायचा कसा?

घरातली एक गोष्ट आठवा. आपलं विरजण कधी नासतं, कधी मांजर भांडं लवंडतं. मग आपण वाटी घेऊन शेजारी जातो. शेजारणीकडचं विरजण बहुतेक वेळा आपणच कधीतरी दिलेलं असतं. आपलंच दही तिच्या घरी जिवंत राहिलेलं असतं म्हणून आपल्याला परत मिळतं. बॅकअप म्हणजे एवढंच. आपली वस्तू जिथे आहे तिथून दूर, दुसऱ्याच जागी तिची चालू स्थितीतली प्रत ठेवायची आणि गरज पडली की तिथून परत आणायची.

आपल्याकडे काय झालं होतं

दोन वर्षांपूर्वीची वैशाखातली गोष्ट. वळवाचा पाऊस आला, वीज तीनदा गेली-आली आणि संघाच्या कार्यालयातला संगणक पुन्हा सुरूच झाला नाही. शहरात दुरुस्तीला नेला. दुकानदार म्हणाला, "ताई, हार्डडिस्क गेली. आतलं काही निघणार नाही." तीन वर्षांचे ठराव, कर्जाच्या हप्त्यांची पत्रकं, मालाचे फोटो, ऑर्डरींची यादी, सगळं त्या एका डिस्कवर होतं.

आम्ही तीन आठवडे गावोगाव फिरून पासबुकं गोळा केली आणि हिशेब नव्याने उभा केला. त्यात एका ताईचे दोन हप्ते जुळेनात. तिचं पासबुक पावसात भिजलं होतं, नोंदवहीचं पान फाटलं होतं. बैठकीत ती एवढंच म्हणाली, "मी पैसे भरलेत. पण मी म्हणते म्हणून कोण ऐकणार?" कुणी तिला खोटं म्हटलं नाही, पण खरंही म्हणता येईना. चार दिवसांनी सीआरपी ताईंच्या फोनमध्ये त्या नोंदवहीच्या पानाचा सहज काढलेला एक फोटो सापडला. दोन्ही हप्ते त्यात होते, सहीसकट.

त्या फोटोने तिची पत राखली. पण तो फोटो नशिबाने राहिला होता. पुढच्या वेळी नशिबावर सोडायचं नाही, म्हणून हा पाठ.

हे मोठ्यांच्याही घरी होतं

21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. आग चौथ्या मजल्यावर सुरू झाली आणि वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचा जीव गेला, अनेक विभागांच्या फायली जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत कुठेच नव्हती, तो कागद गेला तो गेलाच. राज्याच्या मुख्य कचेरीत हे घडू शकतं, तर आपल्या पत्र्याच्या खोलीत का नाही? ऑगस्ट 2006 मध्ये गोदावरीला पूर आला आणि पैठणमध्ये पाणी शिरलं, ते आपल्या जिल्ह्यातल्या अनेकींनी डोळ्यांनी पाहिलं आहे. आग, पाणी, वीज, वाळवी आणि चोरी, कागदाचे आणि संगणकाचे हे पाच शत्रू लक्षात ठेवा. सहावा शत्रू आपलं स्वतःचं बोट, चुकून 'डिलीट' दाबणारं.

काही ताया म्हणतील, "आता सगळं ऑनलाईनच आहे की." अर्धं खरं आहे. नाबार्डने 2015 मध्ये ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. गटांच्या नोंदी संगणकावर आणायचा तो प्रयोग पहिल्यांदा दोनच जिल्ह्यांत झाला. एक झारखंडमधला रामगड आणि दुसरा आपल्या महाराष्ट्रातला धुळे. आता उमेद अभियानातल्या गटांचे व्यवहार लोकओएस अ‍ॅपवर भरले जातात. पण अ‍ॅपमध्ये जातात ते आकडे. सहीचं पान, ठरावाचा कागद, बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत, पापड-मसाल्याच्या ऑर्डरींची यादी, प्रदर्शनाचे फोटो हे आपलं आपणच जपायचं असतं.

तीन-दोन-एक

जगभर संगणकाचे जाणकार एक सोपा नियम पाळतात. तो असा :

तीन : कोणत्याही महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती असाव्यात.
दोन : त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर असाव्यात. दोन्ही एकाच पेनड्राईव्हवर नकोत.
एक : त्यातली एक प्रत गावाबाहेर, दूर असावी.

बियाण्याचं आपण हेच करतो. थोडं कणगीत, थोडं राख-कडुलिंब घालून गाडग्यात, थोडं माहेरी. एका जागी कीड लागली तरी पेरणी चुकत नाही.

साठवण-पेटी म्हणजे काय

संगणक गेल्यावर संघाने साठवण-पेटी घेतली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'नॅस' म्हणतात. चपलेच्या खोक्याएवढी पेटी, आत दोन हार्डडिस्क, मागे एक वायर. ती वायर वायफायच्या राउटरला जोडायची. मग कार्यालयातला कोणताही संगणक किंवा फोन त्याच वायफायवरून त्या पेटीत फाईल ठेवू शकतो आणि काढू शकतो. पेनड्राईव्ह हातोहात फिरवायची गरज उरत नाही.

पेटीत दोन डिस्क असतात. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच उमटतं. त्यामुळे एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. इथे बरेच जण फसतात आणि म्हणतात, "दोन डिस्क आहेत, म्हणजे बॅकअप झाला." नाही झाला. तुम्ही एका डिस्कवरची फाईल पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते. पेटी चोरीला गेली तर दोन्ही डिस्क एकदम जातात. दोन डिस्क म्हणजे एकाच चुलीवरच्या दोन भाकरी. तिसरी प्रत दूर हवी. दूर म्हणजे क्लाऊडवर.

क्लाऊड म्हणजे कुणा मोठ्या कंपनीच्या इमारतीतले संगणक. तिथे आपण जागा घेतो, फुकट किंवा भाड्याने, आणि इंटरनेटवरून आपली प्रत तिथे पाठवतो. पेटीतून रोज ती प्रत आपोआप पाठवणारं सॉफ्टवेअर पेटीतच बसवायचं असतं.

सॉफ्टवेअर कसं बसवायचं

लेखापाल ताई आणि आणखी एक ताई, अशा दोघींनी मिळून बसा. एकीने करायचं, दुसरीने वहीत लिहायचं.

1. आधी पेटीला छोटा यूपीएस लावा. बॅकअप चालू असताना वीज गेली तर पेटी नीट बंद व्हायला वेळ मिळतो. वळवाच्या दिवसांत तर हा लागतोच.

2. संगणकावर ब्राऊझर उघडा आणि पेटीचा पत्ता टाकून आत जा. पेटी बसवताना दिलेलं नाव आणि पासवर्ड लागेल. पासवर्ड '1234' किंवा गावाचं नाव असेल तर आजच बदला.

3. पेटीचं मूळ सॉफ्टवेअर अपडेट करा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. कारण पुढे सांगितलं आहे.

4. आता अ‍ॅपचं दुकान उघडा. सिनॉलॉजी कंपनीच्या पेटीत त्याला 'पॅकेज सेंटर' म्हणतात. तिथे 'हायपर बॅकअप' शोधा आणि 'इन्स्टॉल' दाबा. क्यूनॅप कंपनीच्या पेटीत 'अ‍ॅप सेंटर' असतं आणि अ‍ॅपचं नाव 'हायब्रिड बॅकअप सिंक' आहे. फोनवर अ‍ॅप घेतो तसंच हे आहे, घाबरायचं काही नाही.

5. अ‍ॅप उघडून नवीन काम तयार करा. इथे 'बॅकअप' आणि 'सिंक' असे दोन शब्द दिसू शकतात. आपल्याला 'बॅकअप' हवा. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. बॅकअपमध्ये कालची, परवाची, मागच्या महिन्याची प्रत वेगवेगळी राहते.

6. प्रत कुठे जाणार ते निवडा. गूगल ड्राईव्ह किंवा दुसरी क्लाऊड सेवा. तिथे संघाच्या नावाने उघडलेलं खातं वापरा. कुणा ताईचं स्वतःचं खातं वापरू नका. तिची मुदत संपली, पद बदललं की खातं तिच्यासोबत जाईल.

7. कोणते फोल्डर पाठवायचे ते निवडा. ठराव, नोंदवह्यांची पानं, कर्ज पत्रकं, लेखापरीक्षण, ऑर्डरी. नाचगाण्याचे व्हिडिओ सोडून द्या. जागा तेच खातात.

8. 'एन्क्रिप्शन'वर खूण करा. म्हणजे फाईल कुलूप लावूनच पेटीबाहेर पडते. हे काम तयार करतानाच करायचं. इथे जो पासवर्ड द्याल तो हरवला तर आपली प्रत आपल्यालाही उघडता येत नाही. कंपनीही उघडून देऊ शकत नाही. म्हणून तो कागदावर लिहून दोन लिफाफ्यांत ठेवा. एक संघाच्या कपाटात, दुसरा अध्यक्षांच्या घरी. लिफाफ्यावर सही करून बंद करा आणि तसा ठराव लिहा.

9. वेळ ठरवा. रात्री 11 नंतर ठेवा. दिवसा बैठकीच्या वेळी इंटरनेट अडणार नाही.

10. जुन्या प्रती किती ठेवायच्या ते ठरवा. रोजच्या काही, आठवड्याच्या काही, महिन्याच्या काही. मार्चअखेरची प्रत मात्र लेखापरीक्षण होईपर्यंत पुसू देऊ नका.

11. 'आता बॅकअप घ्या' हे बटण दाबा आणि पहिली प्रत जाऊ द्या.

किती जागा, किती वेळ

हिशेब करून बघू. समजा संघात 200 गट आहेत. दर महिन्याला प्रत्येक गटाच्या नोंदवहीची 4 पानं फोटो काढून ठेवायची. वर्षाला 200 × 12 × 4 म्हणजे 9,600 फोटो. एक फोटो 3 एमबीचा धरला तर 28,800 एमबी, म्हणजे सुमारे 29 जीबी. गूगलच्या एका खात्यात फुकट जागा 15 जीबी असते आणि त्यातच ईमेल, ड्राईव्ह आणि फोटो तिन्ही मोजले जातात. म्हणून संघाला जागा भाड्याने घ्यावी लागेल. तो खर्च वार्षिक अंदाजपत्रकात धरा.

वेळेचं म्हणाल तर बाहेर पाठवण्याचा वेग 10 एमबीपीएस असेल तर 29 जीबीला साधारण साडेसहा तास लागतात. वेग 2 एमबीपीएस असेल तर 32 तास. पहिली प्रत दोन-तीन रात्री चालेल, घाबरू नका. नंतर रोज फक्त नवीन आणि बदललेलंच जातं. 20 फोटोंना 10 च्या वेगाने एक मिनिटही लागत नाही.

पेटीलाही चोर असतात

एप्रिल 2021 मध्ये जगभरातल्या हजारो क्यूनॅप पेट्यांमध्ये 'क्यूलॉकर' नावाचा घातकी प्रोग्राम शिरला. त्याने लोकांच्या फाईलींना कुलूप घातलं आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. तो आत शिरला तो कुठून, तर बॅकअपच्याच अ‍ॅपमधल्या एका चुकीतून. कंपनीने चूक दुरुस्त केलेलं अपडेट काढलं, पण ज्यांनी ते घातलं नव्हतं आणि ज्यांची पेटी थेट इंटरनेटवर उघडी होती, ते सापडले. जानेवारी 2022 मध्ये 'डेडबोल्ट' नावाने असाच प्रकार पुन्हा झाला.

यातून तीन गोष्टी शिकायच्या. अपडेट वेळच्या वेळी घ्यायचं. घरून पेटी बघता यावी म्हणून कुणी राउटरचं दार सताड उघडून देत असेल तर नाही म्हणायचं. आणि क्लाऊडवर जुन्या प्रती ठेवायच्या, म्हणजे आज कुलूप पडलं तरी कालची प्रत हाताशी राहते.

ज्या गटाकडे पेटी नाही त्यांनी काय करावं

पेटी संघाला लागते, गटाला नाही. गटाचं काम एका फोनवर होतं. वरचाच हिशेब एका गटाचा करा. वर्षाला 48 फोटो, सुमारे 144 एमबी. 15 जीबी म्हणजे त्याच्या शंभरपट. गटाच्या हिशेबाला ही जागा जन्मभर पुरेल.

गटाच्या नावाने एक ईमेल खातं उघडा. रिकव्हरी नंबर अध्यक्षांचा आणि रिकव्हरी ईमेल संघाचा द्या. बैठक संपली, सह्या झाल्या की पान उजेडात सपाट ठेवून फोटो काढा. चारही कोपरे दिसले पाहिजेत, आकडे वाचता आले पाहिजेत. फाईलला गटाचं नाव, महिना आणि वर्ष द्या आणि ड्राईव्हमध्ये टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला म्हणजे जपला, असं समजू नका. तिथे फोटो बारीक होतो, अक्षर पुसट होतं आणि फोन बदलला की बऱ्याचदा सापडत नाही.

या खात्यात महिन्यातून एकदा तरी जाऊन यायचं. दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही तर गूगल असं खातं बंद करू शकतं.

कुणाचं काय दिसतंय

कुणी किती कर्ज घेतलं, कुणाचा हप्ता थकला, ही त्या ताईची खाजगी गोष्ट आहे. नोंद जपायची तर लाजही जपायची. आधार कार्डाची प्रत ठेवावीच लागली तर 'मास्क्ड आधार' मागा. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. व्यक्तीची डिजिटल माहिती जपण्यासाठी 2023 मध्ये देशात कायदाही झाला आहे. ड्राईव्हची लिंक 'कुणालाही दिसेल' अशी ठेवू नका. ज्यांना काम आहे त्यांचीच नावं घाला आणि पद सुटलं की नाव काढा. यात कुणाचा अपमान नाही. कपाटाची किल्ली आपण नव्या सचिवांकडे देतोच ना, तसंच हे.

शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट

विरजण शेजारी आहे, असं नुसतं म्हणून भागत नाही. ते लागतं का, ते बघावं लागतं. कितीतरी ठिकाणी बॅकअप चालू असल्याचा हिरवा दिवा दिसतो आणि गरजेच्या दिवशी फाईल उघडतच नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी करा. एखाद्या गटाचं मागच्या वर्षीचं एक पान ठरवा. अ‍ॅपमधून 'रिस्टोर' करून ते वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा. उघडा, वाचा, मूळ वहीशी ताडून बघा. जुळलं तर इतिवृत्तात एक ओळ लिहा : 'आज बॅकअप तपासला, पान मिळाले.' तारीख घाला, दोघींनी सह्या करा.

आमच्या पहिल्याच तपासणीला पान आलं नाही. पासवर्डमधला एक अंक वहीत चुकून लिहिला होता. बरं झालं, ते साध्या दिवशी कळलं. पेटीत खरा पासवर्ड साठवलेला होता म्हणून बॅकअप चालू होता, पण पेटी गेली असती तर आम्ही पुन्हा पासबुकं गोळा करत फिरलो असतो. आम्ही ते काम पुसून नवीन पासवर्डने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी एकीने वाचला, दुसरीने लिहिला, तिसरीने ताडून पाहिला.

त्या दोन हप्त्यांच्या ताई आता त्यांच्या गटाच्या सचिव आहेत. बैठक संपली की पानाचा फोटो काढल्याशिवाय त्या कुणाला उठू देत नाहीत.

पुढच्या बैठकीत बोलायचे प्रश्न

1. आपल्या गटाची नोंदवही आज रात्री जळाली तर कोणत्या नोंदी परत मिळतील आणि कोणत्या नाही?
2. गटाचं ईमेल खातं कुणाच्या फोनवर आहे? त्या ताई गावाला गेल्या तर दुसरी कुणी ते उघडू शकेल का?
3. आपल्या नोंदींच्या प्रती आज किती जागी आहेत? तीन नसतील तर तिसरी कुठे ठेवायची?

या महिन्याचा गृहपाठ

प्रत्येक गटाने या महिन्याच्या बैठकीची चार पानं फोटो काढून ठेवायची आणि मागच्या महिन्याचं एक पान दुसऱ्या ताईच्या फोनवर उघडून दाखवायचं. उघडलं तर इतिवृत्तात तसं लिहा. नाही उघडलं तर लाजू नका, संघाच्या कार्यालयात या. लेखापाल ताई सोबत बसतील. येताना वही आणायला विसरू नका.